तळाला जाऊन एक वर

या सदरातले अनुभव मी वाचते ते भांडायला, हे आधीच सांगून टाकते. कुणाच्या माळ्यावर पावलं वाजतात, कुणाला विहिरीजवळ बाई दिसते... मी वाचता वाचता नवऱ्याला म्हणते, उंदीर असतील, चष्म्याचा नंबर वाढला असेल. नवरा म्हणतो, मग वाचतेस कशाला? तरी मी पुढचा अंक उघडतेच. पण असल्या गोष्टींवर माझा विश्वास कधीच नव्हता.

नांदेडला माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. दिवसभर गिऱ्हाइकांच्या तोंडून मी एकच शब्द ऐकते — आपोआप. "मॅडम, आपोआप बंद पडलं." "मॅडम, फोटो आपोआप उडाले." या शब्दानं माझं डोकं फिरतं. माझं ठरलेलं उत्तर असतं की मशीन आपोआप काही करत नसतं. कुणीतरी काहीतरी दाबलेलं असतं. ते कोण आणि काय, हे शोधलं की सापडतं. आजवर प्रत्येक वेळी सापडलं... एक वेळ सोडून. ती इथं लिहिते आहे. माणसांची नावं बदलली आहेत, गाव मात्र खरं आहे.

अहमदपूरला मार्केट यार्डाकडून स्टँडकडे येताना एका शटरच्या गाळ्यात युसूफभाई लग्नपत्रिका करायचे. माझं माहेर तिथून जवळच्या खेड्यातलं. आमच्या भावकीतली लग्नं, वास्तुशांती, तेरावे, सगळ्यांच्या पत्रिका त्यांच्याच हातच्या. माझ्या लग्नाचीसुद्धा. पत्रिकेच्या माथ्यावर खंडोबा प्रसन्न लिहायचं की तुळजाभवानी प्रसन्न, हे त्यांना विचारावं लागत नसे. आडनाव आणि गाव ऐकलं की बोटं चालू व्हायची. निमंत्रकांमध्ये कुणाचं नाव आधी घेतलं नाही तर कोणता काका रुसून बसेल, इथपर्यंत त्यांना ठाऊक असायचं.

त्यांचं मशीन मीच बसवून दिलेलं. पत्रिकेचे जुने मराठी फॉन्ट फक्त जुन्या विंडोजवर चालायचे, आणि गिऱ्हाइकांच्या पेनड्राइव्हमधून इतके व्हायरस यायचे की महिन्याआड मला बोलावणं असायचं. शेवटी मी एकाच मशीनमध्ये विंडोज आणि त्या व्हायरसना दाद न देणारं लिनक्स, दोन्ही टाकून दिलं. पेनड्राइव्ह उघडायचा लिनक्समध्ये, पत्रिका करायची विंडोजमध्ये. ज्यांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, अशा मशीनचं बटण दाबलं की आधी एक मेनू येतो. त्यात ओळीनं नावं असतात. बाणाच्या कळीनं पट्टी खाली-वर न्यायची आणि एंटर दाबायचं. कुणी काहीच दाबलं नाही तर मेनू थोडे सेकंद मोजतो आणि सगळ्यात वरचं नाव चालू करतो. या मशीनमध्ये सगळ्यात वर लिनक्स होतं. मी मुद्दाम तसं ठेवलेलं, म्हणजे चुकून पेनड्राइव्ह लावलेला असला तरी विंडोज व्हायरसपासून वाचेल.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. सेकंद मोजले जात असताना कोणतीही कळ दाबली की ते मोजणं थांबतं. कळ दाबल्याशिवाय थांबत नाही.

युसूफभाई गेल्या उन्हाळ्यात गेले. दुकानातच छातीत कळ आली आणि लातूरला नेईपर्यंत संपलं. मला फोन आला तेव्हा मी कुणाचा तरी लॅपटॉप उघडून बसले होते. तो तसाच उघडा ठेवून मी मागच्या खोलीत जाऊन रडले.

दिवाळी झाली आणि शहनाजभाभीचा, म्हणजे त्यांच्या बायकोचा, फोन आला. इद्दतीचे घरात बसायचे दिवस संपल्यावर तिनं दुकान उघडलं होतं. नवऱ्याशेजारी बसून तीही सगळं शिकलेली, टायपिंग तर त्यांच्याहून वेगात.

"ताई, मशीन चांगली हाय," भाभी म्हणाली. "माझ्या हातानं रोज सुरू होतीय. मुख्तारभाई म्हणून राहिले की ती मेली. तुम्ही येऊन एकदा सांगा त्यांना."

मुख्तार म्हणजे युसूफभाईंचा धाकटा भाऊ. स्टँडसमोर हातगाडीवर मोबाइलची कव्हरं, चार्जर विकतो. दिवसभर उन्हात उभं राहायचं आणि वर नगरपालिकेची गाडी कधी येईल याचा धाक. त्याला पक्का गाळा हवा होता, यात त्याचं काही चुकत नव्हतं. घरातल्या मोठ्यांनी ठरवलं होतं की भाभीला दुकान चालवता येत असेल तर तिनं चालवावं, नाहीतर शटर मुख्तारला द्यावं. मध्ये एकदा दुपारी मुख्तारनं मशीन बंद करून पुन्हा चालू करून बघितलं. समोर काळा पडदा आला, त्यानं वैतागून बटणं बडवली आणि भलतंच काहीतरी उघडलं. त्यानं घरी जाऊन सांगितलं की भाईजानची मशीनही गेली. तुळशीची लग्नं लागली की पत्रिकांचा हंगाम सुरू होतो. तो हंगाम भाभीच्या हातून गेला असता तर दुकानही गेलं असतं.

मी दुसऱ्याच दिवशी एसटीनं निघाले. पोचले तेव्हा मशीन चालू होतं आणि भाभी विंडोजमध्ये कुणाचीतरी पत्रिका करत होती.

"सुरू कसं करता?" मी विचारलं.

"बटन दाबते अन् झाडू मारायला घेते. झाडून होईस्तोवर आपोआप सुरू होतंय."

झालं. तिथंच माझं टाळकं सरकलं. "भाभी, आपोआप काही होत नसतं. काहीच दाबलं नाही तर लिनक्स यायला पाहिजे. हे विंडोज आहे."

"मी कुठं काय दाबते? रोज हेच येतंय."

मी मशीन रिस्टार्ट केलं. आधी कंपनीचा लोगो आला, मग पडदा काळा पडला आणि त्यावर 'आऊट ऑफ रेंज' लिहिलेला छोटा चौकोन इकडून तिकडे फिरायला लागला. थोड्या वेळानं लिनक्स आलं. भाभी डोळे मोठे करून बघत राहिली.

"हे काय आलं? सकाळी तर असं येत न्हाई."

काळ्या पडद्याचं कारण लगेच कळलं. युसूफभाईंचा जुना चौकोनी मॉनिटर कधीतरी जळाला होता आणि त्यांनी सेकंडहँड रुंद मॉनिटर आणून लावला होता. मेनू मात्र मी जुन्या मॉनिटरच्या मापानं लावलेला, १२८० बाय १०२४. नव्या मॉनिटरला ते माप झेपत नव्हतं, म्हणून तो मेनू दाखवतच नव्हता. मेनू पडद्यामागं चालू असायचा, फक्त दिसायचा नाही. म्हणजे युसूफभाई तेव्हापासून आंधळ्यासारखा मेनू चालवत होते, आणि मला त्यांनी कधी सांगितलं नाही. ताईला एवढ्यासाठी कशाला त्रास, असं म्हणाले असतील. तसेच होते ते.

सकाळी विंडोज का येतं हे मात्र यातून सुटत नव्हतं. मी सेटिंगची फाइल उघडली. पहिलं नाव लिनक्सच होतं. आता काही वाचक म्हणतील, मागच्या वेळी निवडलेलं लक्षात ठेवायची सोय चालू असेल. नव्हती. मी ती ओळ कधी टाकलीच नव्हती आणि दुसऱ्या कुणी टाकलेली नव्हती.

तेवढ्यात मुख्तार आला. माझ्या तोंडासमोर चांगलं बोलला. "मॅडम, तुम्ही भाईजानच्या बहिणीसारख्या. तुम्हाला खोटं कामून बोलू? मी सोता बघितली मशीन. गिऱ्हाईक बसलेलं असताना असा काळा पडदा आला तर कोन थांबतंय?"

"मी नीट करते."

"करा. परवा सकाळी मी येतो. माझ्या समोर सुरू करा. मेनू बिनू सगळं दिसलं पायजे अन् पत्रिकेचं सॉफ्टवेअर उघडलं पायजे. झालं तर घरी मीच सांगतो, शटर भाभीचं. न्हाई झालं तर मग तुम्ही मधी पडू नका."

भाभी कागदाच्या गठ्ठ्यावर हात ठेवून उभी होती.  मीच म्हणाले, ठरलं.

मग मी कामाला लागले. आधी नव्या मॉनिटरचं खरं माप टाकून बघितलं, १३६६ बाय ७६८. पुन्हा तेच काळं. मशीनचं ग्राफिक कार्ड जुनं, त्याला मेनूच्या वेळी कोणती मापं जमतात हे त्यालाच विचारायला पाहिजे होतं. त्यासाठी चित्राचा मेनू बंद करून साध्या अक्षरांचा केला. ती जाडीभरडी अक्षरं मॉनिटरनं मुकाट दाखवली. तिथून आत जाऊन कार्डाची मापं बघितली तर १३६६ त्यात नव्हतंच. १०२४ बाय ७६८ होतं आणि ते मॉनिटरलाही चालणारं होतं. फाइलमध्ये ते लिहिलं, मेनू नव्यानं बनवायचा हुकूम दिला आणि रिस्टार्ट केलं.

मेनू दिसला. ठळक, मधोमध. वर लिनक्स, मग त्याचे जास्तीचे पर्याय, मग मेमरी तपासायच्या दोन ओळी, मग विंडोज. आणि सगळ्यात खाली विंडोजची दुरुस्तीची ओळ. मुख्तार बटणं बडवून नेमका त्या शेवटच्या ओळीत जाऊन पडला होता.

मी मशीन बंद-चालू करून करून दमवलं. विजेचं मेन बटण बंद करून, चहा पिऊन येऊन पुन्हा चालू केलं. प्रत्येक वेळी सेकंद संपले आणि लिनक्स आलं. जसं यायला पाहिजे तसं. भाभीचा काहीतरी गैरसमज आहे, असं मी मनात नक्की केलं. मुक्काम तिच्याकडेच होता. तिनं भाकरी आणि वांग्याची भाजी केली. आम्ही युसूफभाईंबद्दल फारसं बोललो नाही, दोघींनाही ते जमलं नसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दुकान उघडलं. भाभीनं मेन चालू केला, मशीनचं बटण दाबलं आणि पाठ फिरवून झाडू मारायला घेतला. मी मॉनिटरसमोर स्टुलावर बसले. कीबोर्डवर रोजच्यासारखं फडकं टाकलेलं होतं, धुळीसाठी. मेनू आला. सेकंद मोजायला लागले...

आणि थांबले.

पट्टी खाली सरकायला लागली. एक एक ओळ, सवयीच्या माणसानं पटपट दाबावं तशी. लिनक्स सोडलं, मधल्या ओळी सोडल्या, विंडोजही सोडलं आणि ती पार तळाला जाऊन टेकली. तिथं जरा थबकली. मग एक ओळ वर आली, विंडोजवर. तिथं ती कितीतरी वेळ उभी राहिली. मागे झाडूचा आवाज येत होता. मग एंटर दाबल्यासारखा पडदा लखकन बदलला आणि विंडोजचं चिन्ह आलं.

कीबोर्डवरचं फडकं हललंही नव्हतं.

लोक अशा वेळी अंगावर काटा आला म्हणतात. मला राग आला. खरंच राग. कुणीतरी मला उल्लू बनवतं आहे असं वाटलं. मी कीबोर्ड काढून उलटा आपटला. आतून पेन्सिलीचा चुरा आणि मेलेल्या मुंग्या पडल्या. सगळ्या कळा तपासल्या. खालच्या बाणाची कळ अडकली असती तर पट्टी खाली गेली असती, हे मी मानते. पण अडकलेली कळ वर कशी नेईल? आणि थांबून, विचार करून एंटर कसं दाबेल? इंटरनेटची वायर नाही, वायरलेस काही लावलेलं नाही. मी मशीन पुन्हा बंद-चालू केलं. लिनक्स. पुन्हा केलं. लिनक्स. फक्त दिवसाची पहिली सुरुवात तेवढी वेगळी.

भाभीला मी काही सांगितलं नाही. दुपारी चाकूरकडचं एक शेतकरी कुटुंब पत्रिका करायला आलं. बाप, मुलगा आणि सोबत मुलाचा मामा. मामानं भाभीकडे बघून विचारलं, "बाई, तुमाला जमंल का? युसूफभाई असते तर सांगावं लागत नव्हतं."

"तुमचं आडनाव अन् गाव सांगितलं ना तुम्ही? मग वर खंडोबा येतोय. अन् तुमच्यात चुलत्याचं नाव बापाच्या आधी घालतात, तो थोरला असला तर. हाय का थोरला?"

मामानं मान डोलावली आणि बाप हसायला लागला. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. या बाईच्या हातून हे दुकान जाऊ द्यायचं नाही, हे मी त्या क्षणी पक्कं केलं, आणि मग सकाळचं जे काही होतं त्याच्या मुळाशी गेल्याशिवाय नांदेडला परत जायचं नाही हेही.

ती मंडळी गेल्यावर मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "भाभी, युसूफभाई मशीन कसं सुरू करायचे?"

"बटन दाबून. मग काळा पडदा यायचा अन् ते असं करायचे." तिनं कागदाच्या गठ्ठ्यावर बोटानं वाजवून दाखवलं. टक टक टक टक टक, पटापट. थांबली. मग एकदाच, टक. मग तिचे ओठ हलले. मग शेवटचं टक.

पट्टीही अगदी अशीच गेली होती. ती पडद्याकडे पाठ करून झाडू मारत होती सकाळी. तिनं पट्टी बघितलेली नव्हती.

"मधी काय म्हणालात?"

"बिस्मिल्ला. शेवटचं बटन दाबायच्या आधी म्हणायचे. दुकानातलं दिवसाचं पहिलं काम ना ते. मी झाडू मारता मारता रोज ऐकायची." गठ्ठा सरळ करत म्हणाली, "आता आवाज येत न्हाई."

पहिलं काम. दिवसातून एकदाच का, हेही मग समजलं, आणि ते समजलं नसतं तर बरं झालं असतं असं वाटलं. पण मी हट्टी आहे. अजून एक गोष्ट करून बघायची राहिली होती. कीबोर्डच काढून टाकायचा. जुनं मशीन कीबोर्ड नसला की अडून बसतं, तेवढी सेटिंग मी बंद केली आणि दुकान बंद करायच्या आधी कीबोर्डची वायर काढून तो ड्रॉवरमध्ये टाकला. सकाळी लवकर, मुख्तार यायच्या आधी येऊन बघायचं, लिनक्स आलं की कीबोर्ड परत लावायचा, मग मुख्तारला दाखवायचं, असा माझा बेत होता.

तिसऱ्या दिवशी आम्ही पोचलो तर मुख्तार शटरपाशी उभा. गाडी लावायच्या आधीच आलो, म्हणाला. भाभीनं कुलूप काढलं आणि मी काही म्हणायच्या आत त्यानं शटर वर केलं, आत गेला आणि मशीनचं बटण स्वतःच दाबलं. आता लिनक्स येणार, पत्रिकेचं सॉफ्टवेअर उघडणार नाही, आणि माझ्या हट्टापायी भाभीचं दुकान जाणार...  मी ड्रॉवरकडे हात नेला.

मेनू आला, ठळक. मुख्तारनं मान हलवली. "दिसतंय तर."

सेकंद थांबले.

पट्टी खाली निघाली. तळाला गेली. टेकली. एक वर आली. उभी राहिली.

 भाभी या वेळी पडद्याकडे बघत होती, पहिल्यांदाच. तिनं पदर डोक्यावरून नीट घेतला आणि तिचे ओठ हलले. तिचं म्हणून झालं आणि विंडोज चालू झालं.

"कोन दाबून राहिलंय?" मुख्तारनं विचारलं. आवाज एकदम लहान झालेला. मी ड्रॉवर उघडून कीबोर्ड त्याच्यासमोर धरला, लोंबणाऱ्या वायरसकट. त्यानं टेबलाखाली वाकून बघितलं, मागची सगळी बटणं, सगळ्या वायरी बघितल्या. मग तो खाली फरशीवरच बसला.

"मी चिडवायचो त्यांना," तो म्हणाला. "म्हटलं, भाईजान, पार खाली कामून जाता, अन् मग वर येता? सरळ जा ना. तर म्हणायचे, दिसत न्हाई तिथं आधी भिंतीला हात लावायचा. भिंत सापडली की दार सापडतंय." तो रडत होता आणि ते लपवतही नव्हता. मीही नाही लपवलं.

जाताना तो भाभीला एवढंच म्हणाला, "घरी मी सांगतो." त्यानंतर त्यानं शटरचं नाव काढलेलं नाही. उलट त्याच्या गाडीवर आता भाभीच्या पत्रिकांचे नमुने टांगलेले असतात.

मी कीबोर्ड लावला, पिशवी भरायला घेतली. भाभी म्हणाली, "ताई, एक काम करा. ते मेनूचं पयल्यासारखं करून द्या."

"पहिल्यासारखं म्हणजे?"

"काळं."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. दोन दिवस खपून मी ते दुरुस्त केलं होतं. तिला म्हटलं, आता छान दिसतंय, गिऱ्हाइकासमोरही लाज नाही, आणि... आणि तुम्हाला बघता येईल.

"म्हणून तर," ती म्हणाली. "काम करताना मागं कोनी उभं राहिलेलं त्यांना चालायचं न्हाई. हात थांबायचा त्यांचा. मी पन म्हणूनच झाडू घ्यायची. बघत बसलं तर यायचेच न्हाईत ते."

विंडोज थेट चालू होईल असं करून देऊ का, असंही मी विचारलं, एका ओळीचं काम होतं. तिनं नको म्हणून मान हलवली. मग मी फाइल उघडली, १०२४ बाय ७६८ खोडलं आणि जुनं माप परत लिहिलं, जे त्या मॉनिटरला झेपत नाही हे मला माहीत होतं. मेनू नव्यानं बनवला. रिस्टार्ट करून बघितलं. काळा पडदा, आणि त्यावर 'आऊट ऑफ रेंज' फिरणारा चौकोन. इतक्या वर्षांच्या धंद्यात दुरुस्त झालेली गोष्ट मी मुद्दाम बिघडवून दिली ती एवढी एकच.

या गोष्टीला माझ्याकडे आजही स्पष्टीकरण नाही. मेनूची फाइल मी सोबत आणून ओळ न् ओळ वाचली आहे. ओळखीच्या जाणकारांना विचारलं, ते हसले किंवा त्यांनी विषय बदलला. कुणाला कारण माहीत असेल तर खरंच कळवा, मला ते हवं आहे. मशीन आपोआप काही करत नसतं, कुणीतरी काहीतरी दाबलेलं असतं, हे मी अजूनही गिऱ्हाइकांना सांगते. आणि ते मी पूर्वीपेक्षा जास्त मानते.

हंगाम संपल्यावर भाभीला फोन केला. काम इतकं आलं की पुरं करताना नाकी नऊ आले, म्हणाली. मी न राहवून विचारलं, सकाळी अजून विंडोजच येतं का?

"हाव," ती म्हणाली. "मी बटन दाबते अन् पाठ फिरवून झाडायला घेते, पयल्यासारखंच. फक्त झाडू आता जरा हळू मारते."